माहेरचं नाव

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथं पूर्वी सायकलींचं दुकान होतं, तिथं आता काचेचं दार बसलं आहे. आत गारवा, निळे सोफे आणि भिंतभर एका गुबगुबीत बाळाचा फोटो. ते बाळ खामगावचं नाही हे कोणीही सांगेल. इतकं समाधानी मूल आमच्याकडं मे महिन्यात सापडत नाही. बाळाच्या नाळेतलं रक्त पुण्याला नेऊन वर्षानुवर्षं गोठवून ठेवणाऱ्या एका कंपनीची ही जिल्हा शाखा. उद्घाटनाला मलाही बोलावलं होतं, कारण माझं औषधांचं दुकान याच गल्लीत, प्रसूतिगृहाला लागून. मी पेढा खाल्ला आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून घेतलं.

तिथं कामाला लागलेली नवीन मुलगी एका गरोदर बाईची माहिती घेत होती, शेजारी तिची आई बसलेली. "ताई, माहेरचं नाव सांगा. आता सासरचं. काकू, तुम्ही नका सांगू, ताईंनाच सांगू द्या." मी तिला सहज विचारलं, दोन्ही नावं कशाला लागतात? ती म्हणाली, नियमच आहे, आमच्या सगळ्या शाखांत असंच विचारतात. नियम कोणी केला म्हटलं, तर म्हणाली, हेड ऑफिसनं केला असेल.

मला हसू आलं आणि रागही आला. हेड ऑफिसला काय कप्पाळ सुचणार होतं. तो नियम माझ्या दुकानाच्या समोर, बांगड्यांच्या एका चिंचोळ्या दुकानात जन्मला. एका चुकीतून जन्मला, आणि ती चूक करणारा माणूस म्हणजे गफूरमामू मणियार.

मामूंचं दुकान म्हणजे भिंतीत बसवलेलं कपाटच. आत एक गादी, गादीवर मामू, आणि मागं छतापर्यंत बांगड्यांचे डबे. मेंदी लावलेली दाढी, दोऱ्यानं मानेला बांधलेला चष्मा आणि भोंग्यासारखा आवाज. ते हळू बोलले तरी माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला ऐकू यायचं. सगळं गाव त्यांना मामू म्हणे. लहान पोरींपासून त्यांच्या आज्यांपर्यंत सगळ्यांचे ते मामूच. नम्रता हा प्रकार त्यांच्या अंगात अजिबात नव्हता. पाऊस वेळेवर आला तरी त्यांनी आधीच सांगितलेलं असायचं. आपल्या हाताविषयी तर त्यांचा ठाम दावा होता, "माह्या हातून बांगडी चढत नाही असा हात अजून पैदा व्हायचा हाय." आणि ते खरंच होतं. जाड हाडाच्या, कष्टानं निबर झालेल्या हातावरसुद्धा ते अंगठ्याखालचा मांसल भाग असा काही दाबत, की बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर असे.

बाईच्या चेहऱ्याकडं ते आधी पाहतच नसत. मनगट पाहायचं, मग म्हणायचं, "ही तं वानखडे गुरुजीची दुर्गा." लग्न होऊन दहा गावं फिरून आलेली पोरगी असो, मामूंसाठी ती माहेरच्या नावाचीच. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीनं नवीन नाव लिहितो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मामूंना ही गोष्ट कधी पटली नाही. ते म्हणायचे, "तांदळात लिहिलेलं नाव, एक फूक मारली का गेलं." कुणी पोरगी लाजत म्हणाली, मामू, आता माझं नाव श्रद्धा आहे, तर ते म्हणत, "असन. तिथं." आणि पुन्हा तिला कुसुमच म्हणत. पोरींना ते आवडायचं. सासरी महिनोन्महिने जे नाव कानावर पडलेलं नसायचं, ते ऐकायलाच काहीजणी बांगड्यांचं निमित्त काढून येत असाव्यात, असा मला संशय आहे.

नाळेच्या रक्ताचा आणि या माणसाचा संबंध कसा आला, ते आता सांगतो.

कंपनी तेव्हा लहान होती. पुण्यातली शिकली-सवरलेली, नोकरदार जोडपी तिची गिऱ्हाइकं. बाळ जन्मल्यावर नाळ कापली की नाळेत आणि बाळामागून पडणाऱ्या वारेत थोडं रक्त उरतं. एरवी ते टाकूनच देतात. त्यातल्या पेशी रक्ताच्या काही आजारांवर पुढं कामी येऊ शकतात, म्हणून ते पिशवीत धरून गोठवून ठेवायचं, असा तो व्यवहार. पुण्यात जोडपी करार करत, रिकामी पिशवी आणि नळ्यांचं किट घरी नेत. आणि मग पहिलं बाळंतपण म्हणून पोरगी माहेरी निघून येई. कुणी चिखलीला, कुणी मेहकरला, कुणी खामगावला. किट बॅगेत साड्यांच्या तळाशी. कळा सुरू झाल्या की घरच्यांना गरम पाणी, दुपटी, जावयाला फोन, सगळं आठवायचं, किट तेवढं आठवायचं नाही. एका घरानं तर भरलेली पिशवी मोठ्या काळजीनं बर्फात घालून ठेवली होती. हे रक्त फार गार झालं तरी बिघडतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुण्याहून क्षीरसागर नावाचे तरुण अधिकारी यावर उपाय शोधत आमच्या जिल्ह्यात आले आणि थकून माझ्या दुकानाच्या बाकावर टेकले. त्यांनी विचारलं, कोणत्या घरी लेक बाळंतपणाला आली आहे हे आम्हाला आधी कळेल असा कुणी माणूस गावात आहे का? मी समोर बोट दाखवलं. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या भरतात. त्या भरायला पोरीची आई डॉक्टरच्याही आधी मामूंना बोलावते. कोणत्या गल्लीत कोण आली आहे, कोणाचे पाय सुजले आहेत, कोणाच्या हातात मागच्या खेपेची बांगडी जात नाही, हे त्यांना ठाऊक असणारच.

क्षीरसागर खूश होऊन समोर गेले आणि मामूंना म्हणाले, तुम्ही फक्त नावं आणि पत्ते द्या, बाकी आम्ही बघतो. मामूंनी बांगड्या पुसायचं थांबवलं. "साहेब, पोरींचे पत्ते मी कोनाले देत नसतो," ते म्हणाले. "मी त्यायच्या हातात बांगड्या भरतो, त्यायचा बाजार भरवत नाही. तुमचं काम चांगलं असन तं मले समजून सांगा. मी सोता जाईन, आधी पोरीच्या मायले इचारीन, मंग बोलीन." क्षीरसागर माझ्या दुकानात परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पण माणूस शहाणा. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि मामूंच्या गादीच्या कडेला बसून त्यांनी दुपारभर सगळं समजावून सांगितलं. मामूंनी इतके प्रश्न विचारले की शेवटी साहेबांनीच पुण्याला फोन करून उत्तरं घेतली.

असे मामू कंपनीचे माणूस झाले. गळ्यात ओळखपत्र आलं. ते त्यांनी पहिले चार दिवस कमिजाच्या वर मिरवलं आणि मग बांगड्यांत अडकतं म्हणून खुंटीला लावून टाकलं.

त्यांची रीत ठरलेली होती. जमिनीवर मांडी घालून आधी बांगड्या भरायच्या, आणि शेवटची बांगडी चढली की मग विषय काढायचा. हे रक्त म्हणजे गंडादोरा नव्हे, हे ते आधीच सांगून टाकत. बहुतेकांच्या आयुष्यात ते कधीच लागत नाही आणि लागलं तरी सगळ्याच दुखण्यांवर चालत नाही, हेही सांगत. आणि उठताना न चुकता एक वाक्य म्हणत, "अल्ला करो अन् ही पिशवी उघडाचं काम कधी नको पडो." विकायला निघालेल्या माणसानं असं बोलावं का, असं क्षीरसागरांनी एकदा त्यांना विचारलं होतं. मामू म्हणाले, खोटं बोलून एकदा बांगडी खपते, दुसऱ्या दिवाळीला ती बाई दुकानाची पायरी चढत नाही.

एका शिक्षकाच्या घरी नवरा-बायकोची इच्छा फार होती आणि ऐपत बेताची. मामूंनी त्यांना सरळ नको म्हणून सांगितलं. पोट मारून करायची ही गोष्ट नाही, त्यापेक्षा पोरीला दूधतूप घाला, म्हणाले. ही बातमी पुण्याला कळली तेव्हा तिथल्या कुणीतरी डोक्याला हात लावला असेल. पण त्या शिक्षकानंच पुढं आपल्या साडूला मामूंकडं पाठवलं. कंपनी आमच्या जिल्ह्यात वाढली ती अशी, एका घरातून दुसऱ्या घरात. जाहिरातीचे फलक नंतर आले. वरून मात्र सारखी विचारणा असे, या महिन्यात किती? मामू फोनवर म्हणत, "साहेब, बाळंतपनं काय मी वाढवू?"

देऊळगाव राजाच्या एका आजीबाईंची गोष्ट तर मामू स्वतःच रंगवून सांगत. नात बाळंतपणाला आलेली, करार पुण्यात झालेला, आणि आजी दारात आडव्या. वार आपल्या परसात पुरायची असते, ती परमुलखात जाऊ द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. मामूंनी वाद घातला नाही. वार तुमचीच, मी आणून देतो, एवढंच म्हणाले. बाळंतपण झालं, रक्त पिशवीत घेऊन झालं, आणि मामू डॉक्टरांना सांगून नव्या मडक्यात वार घेऊन, वर धुतलं फडकं बांधून, आजींच्या परसात हजर. आजींनी हळदकुंकू वाहिलं, खड्ड्यात मडकं ठेवलं, आणि मागं सरकून उभ्या राहिलेल्या मामूंना म्हणाल्या, "तुमी बी एक मूठ माती घाला. तुमी आनली, तुमचा बी हात लागू द्या." मामूंनी माती घातली आणि मग बस पकडली, कारण पिशवी त्यांच्याजवळच होती.

तो प्रवास मी एकदा त्यांच्याबरोबर केला आहे. खामगावहून चिखली, देऊळगाव राजा करत जालन्यापर्यंत एसटी, आणि जालन्याला कंपनीची गाडी. पिशवीचा डबा मामूंच्या मांडीवर, त्यावर ओला पंचा. डबा वरच्या फळीवर ठेवायला कंडक्टरनं सांगितलं तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. काचेचा माल फळीवर ठेवायचा नसतो हे त्यांच्या बापानं त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांच्या लेखी हाही काचेचाच माल होता. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते डबा दोन्ही हातांनी उचलून धरत. मला मात्र माझं डोकं वरच्या दांडीवर आपटू नये म्हणून कोणी धरलं नाही.

आता दुर्गाची गोष्ट. वानखडे गुरुजी माझ्या मागच्याच गल्लीत राहत. त्यांची दुर्गा लग्न होऊन चिंचवडला गेली, तिथं तिची तन्वी झाली. तन्वी निखिल काळे. तिला पहिली मुलगी झाली, ओवी. वर्षाच्या आत ओवी पांढरीफटक पडू लागली आणि तपासणीत थॅलेसेमिया निघाला. अंगात रक्त टिकतच नाही. दर थोड्या दिवसांनी बाहेरचं रक्त चढवायचं, त्यावरच जगायचं. माहेरी आली की तिला रक्तासाठी अकोल्याला न्यावं लागे. मी तिला तिथून परतताना पाहिलं आहे. हाताला पट्टी, पट्टीखाली सुई तशीच ठेवलेली, आणि पोर आईच्या खांद्यावर गप्प.

एकदा दुर्गा तिला घेऊन मामूंकडं आली. ओवीला बांगड्या हव्या होत्या. मामूंनी तिचा हात धरला आणि लगेच सोडला. मनगटाला जागाच नव्हती, सगळी पट्टी आणि सुईच्या खुणा. माझ्या देखत मामूंना पहिल्यांदा बांगडी भरता आली नाही. त्यांनी लहानात लहान लाल बांगड्या शोधून काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि ओवीच्या फ्रॉकच्या खिशात घातल्या. "ठेव बेटा. हात मोकळा झाला का घालजो."

मग दुर्गाला दुसरे दिवस गेले. पोटातल्या बाळाला हा आजार नाही हे तपासणीत कळलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, या बाळाच्या नाळेतलं रक्त जपून ठेवा. ते ओवीशी जुळलं तर तिच्यावर उपचार होऊ शकतो. जुळेलच असं नाही, पण सख्ख्या भावंडाइतकी आशा दुसरीकडं नाही. ओवीकडं बघायला कुणी हवं म्हणून गुरुजींनी लेकीला खामगावला आणलं. मामूंनी तिला हिरव्या बांगड्या भरल्या, पण उठताना ते नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत. दुर्गाच्या आईनं ते मला नंतर सांगितलं. एवढ्या वर्षांत ही एकच पिशवी होती, जी उघडावी अशी मामूंची इच्छा होती.

बाळ अपेक्षेच्या आधी आलं. दुर्गाचं किट चिंचवडहून यायचं होतं, ते आलंच नव्हतं. मामूंकडं अडीअडचणीला एक जास्तीचं असायचं, ते घेऊन ते धावत गेले. सकाळी मुलगा झाला. रक्त नीट निघालं, पिशवी भरली, आणि सिस्टरनं दारातून विचारलं, आईचं नाव काय लिहू? एरवी मामू चष्मा चढवून कराराचा कागद काढत आणि त्यावरून सांगत. त्या दिवशी आनंदानं त्यांना कागद आठवला नाही, का डोळ्यांतल्या पाण्यानं, कुणास ठाऊक. ते म्हणाले, "लिहा, दुर्गा सुधाकर वानखडे." सिस्टरही गावचीच, दुर्गाच्या वर्गातली. तिलाही ते नाव बरोबरच वाटलं. तिनं लिहिलं.

पुण्याला पिशवी पोचली आणि अडकली. तन्वी निखिल काळे या नावाची पिशवी आली नाही, आणि दुर्गा सुधाकर वानखडे या नावाचा करारच नाही. किट जास्तीचं, म्हणून त्याचा नंबरही काळ्यांच्या नावावर नाही. प्रयोगशाळेनं रक्त गोठवून बाजूला ठेवलं आणि कळवलं, हे कुणाचं आहे याची खात्री पटल्याशिवाय आम्ही ते कुणाच्याही उपचाराला देणार नाही. त्यांचं बरोबर होतं. आजारी लेकराच्या अंगात घालायचं रक्त, त्यात अंदाजपंचे चालत नाही.

क्षीरसागरांचा फोन आला तेव्हा मामू माझ्याच दुकानात होते. क्षीरसागर आता मोठे साहेब झाले होते, पण मामूंवर त्यांचा जीव होता. लिहिताना सिस्टरची चूक झाली असं पत्र प्रसूतिगृहाकडून घ्या, मग पुढचं मी सोपं करतो, असं त्यांनी सुचवलं. मामूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टरनं मले इचारलं साहेब, मी सांगतलं. चूक माही हाय. तिच्या नोकरीवर काऊन ढकलू?" आणि दुसरा काही मार्ग असेल तर सांगा, म्हणाले. मार्ग होता. आईचं ताजं रक्त पुण्याला न्यायचं, पिशवीतल्या रक्ताशी ताडून पाहायचं, आणि अहवाल येईपर्यंत थांबायचं. आई आणि लेकाचं नातं रक्तात सापडतंच.

फोन ठेवून ते तसेच वानखड्यांकडं निघाले. जाताना मला म्हणाले, चला. मला जायचं नव्हतं, पण गेलो. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी मामू उंबऱ्याबाहेर खाली बसले आणि दुर्गाला सगळं सांगितलं. आवाज इतका खाली की मला पुढं वाकावं लागलं. "पिशवी अडकली बेटा. तुहं सासरचं नाव सांगाचं होतं, मी माहेरचं सांगून बसलो. मनात दुसरं नाव आलंच नाही." गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. ओवी आईच्या पायाशी झोपली होती.

दुर्गानं बाळाचं दुपटं सारखं केलं. तिला राग आला होता, ते दिसत होतं, आणि तो यायलाच हवा होता. मग ती म्हणाली, "मामू, तुमच्या तोंडून मले तन्वी ऐकू आलं असतं तं मीच ओ देल्ली नसती." आणि हात पुढं करून म्हणाली, रक्त कधी घेता?

ती नळी मामूंनी जालन्याला सोडली नाही. थेट पुण्यापर्यंत मांडीवर घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी कंपनीला कळवलं, याचा निकाल लागेपर्यंत मी एकही नवीन घर करणार नाही. कंपनी तेव्हा भरात होती, आजूबाजूच्या जिल्ह्यांत माणसं नेमणं चालू होतं, आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा माणूस बांगड्या भरत बसला होता. वरून कोणीतरी त्यांना चांगलंच सुनावलं. मामूंनी तेही ऐकून घेतलं. ओळखपत्र खुंटीलाच राहिलं. त्या दिवसांत ते इतके गप्प झाले होते की बायका माझ्या दुकानात येऊन विचारत, मामूंची तब्येत बरी आहे ना?

निकाल आला तेव्हा दुपारची वेळ होती. पिशवी दुर्गाच्याच लेकाची, यात शंका उरली नाही. आणि पुढं काही दिवसांनी दुसरा निरोप आला, की बाळाचं रक्त ओवीशी जुळतं. पहिला निरोप मामूंनी उभ्यानं ऐकला. दुसरा ऐकला तेव्हा ते माझ्या बाकावर बसले आणि ओल्या पंच्यानं तोंड झाकून रडले. मीही रडलो. ते सांगायला मला लाज वाटत नाही.

ओवीवर पुण्याच्या एका रुग्णालयात उपचार झाले. फार लांबलचक आणि फार वाईट दिवस होते ते, आणि त्यातले बरेचसे दुर्गानं एकटीनं काढले. त्यांच्याविषयी बोलायचा हक्क तिचा आहे, माझा नाही.

इकडं मामू पुन्हा कामाला लागले, पण आता त्यांचा एकच हट्ट. नावं दोन्ही विचारायची, आणि बाईच्याच तोंडून घ्यायची. मामा, काका, सिस्टर, शेजारीण, कुणाच्याही तोंडून घ्यायची नाहीत. क्षीरसागरांनी ही गोष्ट वर मांडली. मग लक्षात आलं की हे खामगावचं एकट्याचं नाही. जिथं जिथं कंपनी पोचत होती, तिथं तिथं पोरी माहेरी येत होत्या आणि दोन नावांनी वावरत होत्या. नियम सगळीकडं लागू झाला. नव्या माणसांना शिकवायला मामूंना पुण्याला बोलावलं, तेव्हा मला वाटलं होतं की ते तिथं आपल्या हाताची फुशारकी मारतील. क्षीरसागर सांगत होते, मामू व्यासपीठावर चढले, माईक बाजूला सारला आणि म्हणाले, "तुमच्यात जो सगळ्यात मोठा गाढव असन, त्याच्यापेक्षा मोठा गाढव मी हाय. काऊन ते ऐका." आणि दुर्गाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, आपली चूक काडीमात्र न झाकता. दर वर्षी नवी माणसं येत आणि दर वर्षी मामू ती गोष्ट सांगत. फुशारकी मारणारा माणूस आपली चूक इतक्या मोठ्या आवाजात सांगू शकतो, हे मला त्यांच्याकडं बघून कळलं.

पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, प्रवास झेपेना, आणि त्यांनी कंपनीचं काम सोडलं. बांगड्या मात्र सोडल्या नाहीत. हातांना दिसतं, म्हणायचे. यंदा ते दुकान बंद आहे. मामू थंडीत गेले, बसल्या जागी. पण मला ते आठवतात ते त्याच्या आधीच्या दिवाळीतले.

दुर्गा माहेरी आली होती. बरोबर ओवी आणि तिचा भाऊ. ओवीचे केस पुन्हा आलेले, आखूड आणि दाट, गालावर रंग, आणि तोंडाची टकळी चालू. रक्त चढवणं बंद होऊन बराच काळ झाला होता. मी गल्ल्यावरून उठून दारात आलो. मामूंना चेहरा दिसत नव्हता, त्यांनी सवयीनं हात पुढं केला. ओवीनं आपलं मनगट त्यांच्या हातात दिलं. मामूंचा अंगठा त्या मनगटावरून फिरला, सुयांच्या जुन्या बारीक खुणांवर थांबला, आणि त्यांनी मान वर केली.

"बेटा, पुरं नाव सांग," ते म्हणाले.

ओवीनं नाव सांगितलं. आईचं विचारलं तेव्हा दोन्ही सांगितली, आधी माहेरचं. मग दुर्गानं पर्समधून एक कागदाची पुडी काढली. त्याच लाल बांगड्या. चिंचवडच्या घरात, दवाखान्यात, कुठं कुठं तिनं त्या जपल्या होत्या, आणि मामूंच्याच हातून भरायच्या म्हणून आणल्या होत्या.

मामूंनी एक बांगडी घेतली. ओवीचा पंजा नेहमीसारखा दाबला, अंगठा आत मुडपला, बांगडी पुढं रेटली. ती बोटांच्या पेरांपाशी अडली. त्यांनी हात फिरवून पाहिला, साबणाचं बोट लावलं, पुन्हा रेटलं. गल्लीतले आम्ही सगळे बघत होतो. बांगडी हलेना.

मामूंनी ती काढून घेतली आणि दोन्ही हातांत ओवीचा हात धरून बसून राहिले. मग त्या जुन्या भोंग्याच्या आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं, त्यांनी सांगून टाकलं, "नाही चढत बाप्पा. पोट्टीचा हात मोठा झाला."